अडीच तारे

शुक्रवारी अकराच्या खेळाला मी मधल्या रांगेत.
मांडीवर वही, खिशात
मुंबईच्या तीन पेपरांची कात्रणं.
तिघांचं एकमत झालेलं:
लोकर अप्रतिम, कथा विरलेली.
एकाने शेवटी जोडलं होतं, लहानांना चालेल,
जणू लहानं म्हणजे
मागच्या दाराने फुकट आत सोडलेली माणसं.

सिनेमा मेंढ्यांचा. सहा जणांचं कुटुंब
डोंगर सोडून शहरात येतं, लाँड्री काढतं.
बाप ड्रायरमध्ये अडकतो
आणि निघतो तो दाराएवढा फुगून.
थिएटर खदखदलं. मी लिहिलं: अपेक्षित.
आजी उकळत्या पाण्यात पडून आटते, वाटीएवढी होते,
तरी सगळ्यांवर डाफरत राहते.
मी लिहिलं: बरं आहे.
दोन वाजेपर्यंत कॉपी द्यायची होती,
अडीच तारे मी घरूनच ठरवून आलो होतो.

मध्यंतरात एसी बंद पडला.
बाहेर त्रेचाळीस डिग्री, आत पोरांचा कालवा,
मराठी, तेलुगू, कन्नड, आणि रडणं, ते सगळ्यांचं एकच.
शेजारचे आजोबा पडद्याच्या पांढऱ्या कापडाकडेच बघत बसलेले.
राजेशम येमुल, साखर पेठ.
"पेपरात लिहिता काय? मग हे लिहा की,
ह्या एकेका केसाला वेगळं कार्ड लागलं असणार."
मला कळेना.
मग त्यांनी गुडघ्यावर बोटाने भोकं पाडून दाखवली:
चादरीच्या कारखान्यात चौतीस वर्षं
जॅकार्डची कार्डं पंच करायचे.
भोक असेल तिथे दोरा वर,
नसेल तिथे खाली.
मोर असाच उठतो. कमळही.
"एक भोक चुकलं की मोराची मान मोडती बघा.
इथं तर वारा आला की मेंढीचे सगळे केस हलतात,
आणि एकाचीही मान मोडत नाही.
कोणीतरी बसलं असणार रात्र-रात्र."
कारखाना?
"भंगारात गेला," ते म्हणाले,
आणि नातीला पॉपकॉर्नचा पुडा फोडून दिला.

शेवटी दिवे लागले तसे ते हळूच म्हणाले,
"म्हातारीच्या शालीत डाव्या काठाला
नक्षी एक दोरा सरकलीय.
लाँड्रीच्या सीनमध्ये. पुढं नीट केलीय."
मी वही चाळली. शाल माझ्या वहीत नव्हतीच.

नात, सहस्रा, वय सात, चपला शोधत होती.
कसा वाटला, मी विचारलं, उगाच, वरच्या आवाजात.
"आजी परत मोठी नाही झाली," ती म्हणाली.
मग? वाईट वाटलं?
"नाही. झाली असती तर खोटं वाटलं असतं."
आणि चप्पल सापडली तशी निघून गेली.
मुंबईच्या तिघांनाही नेमका हाच शेवट
अर्धवट वाटला होता.

ऑफिसात लिगाडे म्हणाले, फ्रिजची जाहिरात आलीय,
तीनशे शब्दांचे एकशेवीस करा.
पान लावणारा पोरगा म्हणाला,
सर, ह्या फॉन्टमध्ये अर्धा तारा नाही.
दोन टाकू का तीन?
पंखा कुरकुरत होता.
इतकी वर्षं मी अर्धा तारा
वाट सोडून उभं राहायला वापरत आलो,
मला वाटायचं, तोच न्याय.
तीन, मी म्हणालो.
शालीचं वाक्य घातलं होतं, ते जाहिरातीने खाल्लं.
मुलीचं राहिलं, पण तिच्या नावाशिवाय,
म्हणजे आता ते माझंच म्हणून वाचलं जाणार.

सोमवारी दुपारी खिशातले पैसे घालून परत गेलो.
अख्ख्या थिएटरात सात माणसं.
वही घरी.
लाँड्रीचा सीन आला, मी पुढे सरकून बसलो,
म्हातारी ओरडत आली, वळली,
डावा काठ,
हो. एक दोरा.
तेवढ्यात मागे बाप ड्रायरमधून बाहेर आला
दाराएवढा फुगून,
आणि सातांत सगळ्यात मोठ्याने
मीच हसलो.