देगलूरची गाडी

उदगिरात मला सगळे जनगणनावाले बिडवे म्हणतात.
एकतीस वर्षं माणसं मोजली, असं मीच सांगून ठेवलंय.
तसं ते अगदीच खोटं नाही.

चौबाऱ्यात सीताफळं निवडत होतो,
डोळे उघडलेली, अंगठ्यानं दाबून,
तेव्हा शेजारचा पोरगा टोपलीकडेच बघत म्हणाला,
"देगलूरची गाडी गेली का?"

हातातलं फळ फुटलं.

इतक्या वर्षांत
त्यांना वाक्य बदलायचंही सुचलं नाही.
मी म्हणालो, जे म्हणायचं असतं ते,
"आता मुक्रमाबादवरून जाते."
फळवाली म्हणाली, "काका, ती कवाच बंद झाली,
आन् फुटल्याचे पैसे पडतील."

लॉजची खोली. पंखा एकाच बाजूनं कुरकुरणारा.
पोराच्या बुटांना इथली माती नव्हती.
मी खुर्ची ओढली ती दाराकडं तोंड करून,
गुडघे गेले, सवय गेली नाही.
त्यानं माझ्या कानात यंत्र घातलं:
अकरा सेकंद. कुठल्या देशातले, सांगितलं नाही.

आधी भांडं वाजतं.
मग खोकला.
मग कुणीतरी कुणाला तरी म्हणतो,
"नक्को रे बाबा, मेरेकू अंबाडीच होना."

"कोण आहे?" पोरानं विचारलं,
"ओळखू शकणारे तुम्ही एकटेच उरलात."

दस्तगीर.
आमच्या गल्लीतल्या पिंजाऱ्याचा,
जिथं जाईल तिथं चौकटीला कपाळ आपटणारा.
एवढ्या उंच माणसाला हेर करू नये,
हे मला पढवलं होतं, तरी मीच नेला त्याला.
आणि सत्तावीस वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी,
जेवणाची सुट्टी व्हायच्या आत,
त्याच्या फायलीवर 'मृत' लिहून
खाली सही केली, ती पण मीच.

"ओळखलं तर काय कराल त्याचं?"
पोरगा हसला.
असं हसायला मी शिकवलं होतं
त्याला शिकवणाऱ्यांना.
त्या हसण्यात आणणंही बसत होतं, मिटवणंही.

"पुन्हा लाव."
सात वेळा लावलं.
त्याला वाटलं, म्हातारा खात्री करतोय.
मी नुसता ऐकत होतो:
पुढचे दात पडलेत.
खोकला कोरडा आहे, थुंकी नाही.
आणि भांडं दुसऱ्याच कुणाच्या हातातलं,
म्हणजे वाढतंय कुणीतरी.
म्हणजे हट्ट करायला माणूस आहे त्याला.

"हा हैदराबादकडचा," मी म्हणालो.
"आमच्यात असं बोलत नाहीत."
नोकरीत इतकं स्वच्छ खोटं कधी जमलं नव्हतं.
त्यानं लिहून घेतलं, तारीख टाकली,
मला चहा विचारला.
मी घेतला. न घेणं दिसलं असतं.

दर दिवाळीनंतर हुसेनबीकडून मी एक रजई घेतो.
घरात सव्वीस झाल्यात.
बायको आधी भांडली, मग म्हणाली,
थंडीचं दुकान तरी काढा.
कारण तिनं विचारलं नाही,
किंवा विचारलं असेल तेव्हा मी दौऱ्यावर असेन.

पत्र्याच्या शेडात मशीन चालू होतं,
हुसेनबीच्या भुवयांवर कापूस.
"इस साल भी वैसीच ना, साहब?"

"नाही," म्हणालो. "लांब पाहिजे.
साडेसहा फुटी."

तिनं मशीन बंद केलं.
माझ्याकडं पाहिलं नाही.
टेप घेतला, फरशीवर उलगडला,
साडेसहावर बोट ठेवलं
आणि बराच वेळ तिथंच ठेवलं.
मग पुढं सरकवलं.

"सात करतूं," म्हणाली.
"पैर खुल्ले रहते थे उसके."

बयाणा घेतला नाही.