भरल्याशिवाय

मी खोटं कशाला बोलू,
गाडी सुरू होऊ नये असंच मला वाटत होतं.
बारा वर्षं माझी काळीपिवळी
धारूरच्या नाक्यावर उभी राहिली
आणि चौदा माणसं भरल्याशिवाय
एकदाही हलली नाही.

तेरा झाली की चौदाव्याची वाट बघायची.
मेथीच्या जुड्या माना टाकायच्या,
अयोध्याबाईंची शेळी सीटखालून ओरडायची,
मी पानाला चुना लावत म्हणायचो,
"निघूच की आता."
त्या "निघू"ला घड्याळ नव्हतं.

एका मार्चमध्ये अशीच तेरा होती.
तेरावी उत्रेश्वरची धाकटी,
मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिमट्यानं लावलेलं हॉल तिकीट.
पेपर अकराचा.
मी पावणेअकराला किल्ली फिरवली.
उतरताना तिनं भाडं मोजून दिलं, सुट्टं,
आणि पळाली.
पुढचं विचारू नका.
उत्रेश्वरनंही मला कधी विचारलं नाही,
फक्त त्यानंतर माझ्या जीपला
हात करणं सोडलं.

मग डेपोचे साहेब पाहणीला आले.
म्हणाले, रस्ता आहे, माणसं आहेत,
पण पांगरदऱ्यात गाडी वळवायला जागा नाही.
मी मनातल्या मनात पेढा खाल्ला.
तेवढ्यात हमीदाबी उठल्या,
जन्मात ग्रामसभेत तोंड न उघडलेल्या,
म्हणाल्या, "माझं खळं घ्या.
ज्वारी आता मशीनवर निघती,
खळ्यावर नुसती कुत्री झोपत्यात."

लिंबाची एक फांदी गेली.
मुरूम पडला. ट्रॅक्टर माझ्याच मेव्हण्याचं,
त्यानं भाडं घेतलं नाही
आणि महिनाभर माझ्याशी नजर भिडवली नाही.

पहिल्या रात्री मुक्कामी गाडी
तीनदा पुढं-मागं होऊन खळ्यात वळली.
चालक शेख, वाहक गुट्टे
शाळेच्या ओट्यावर झोपले,
त्यांना पिठलं कुणी द्यायचं
यावरून दोन घरांत भांडण झालं.
सगळे निजल्यावर मी जाऊन
बॉनेटवर हात ठेवला. कोमट होतं.
पाटीवर आमच्या गावाचं नाव होतं,
ऱ्हस्व-दीर्घासकट बरोबर.

सकाळी सहाची वेळ.
पहिल्याच आठवड्यात एकदा
नुसत्या प्रयागबाई होत्या,
डोळा दाखवायला अंबाजोगाईला निघालेल्या.
मी पाराआडून बघत होतो:
आता थांबतील. माणूस धंदा बघणारच.
गुट्ट्यानं मनगट बघितलं,
डबल बेल दिली,
आणि अख्खी गाडी, सगळी रिकामी बाकं,
एका म्हातारीला घेऊन
वळणाआड गेली.

मला राग यायला पाहिजे होता.

आता सहाला सात पोरी असतात, पासवाल्या,
वेण्या गाडीतच घालतात.
पुढच्या सीटवर डबे,
झाकणावर खडूनं नावं:
लातूरला शिकणाऱ्या पोरांच्या भाकरी
आईच्या आधी शहर बघून येतात.
नर्सबाई हल्ली वारानुसार येतात,
आधी मनानुसार यायच्या.
आणि परवा अंबाजोगाईच्या स्टँडवर
भोंग्यातून आवाज आला,
"पांगरदऱ्याला जाणारी गाडी..."
शेजारचा अनोळखी माणूस म्हणाला, "हे कुठं आलं?"
मी त्याला अर्धा तास सांगत बसलो.

माझं म्हणाल, तर जीप विकली नाही.
वरचा तांडा तीन कोस आडवा,
तिथवर एसटी चढत नाही.
पहाटे तिकडून माणसं आणून
खळ्यापाशी सोडतो.
डिझेल परवडत नाही, बायको रोज ऐकवते,
तिचं खरं आहे.

आज चौघंच होती.
खाली आणखी कुणी दिवा हलवतंय का,
जुन्या सवयीनं मी बघितलं.
पाच वीस झाले होते.
मी गाडी काढली.