तेलाची धार

कर्कॉडीच्या दवाखान्यात सकाळी नऊ दहाला
हेरंबचा आकडा आला : सहा पूर्णांक आठ.
समुद्रावरचं धुकं खिडकीला टेकून बसलेलं.
नर्स आयलाने एक रंगीत कागद पुढे सरकवला :
सॉसेजवर लाल फुली, बेकनवर फुली,
काळ्या पुडिंगवर तर दोन.
हेरंब खुशीत. "म्हणजे मी पासच की!
यातलं काही खातच नाही."

मी गप्प.
डोळ्यांपुढे रविवारचे वडे,
तेलाचा तवंग आलेली भरली वांगी,
आणि भातावरचं तूप, जे तो नको नको म्हणत
ताट पुढे करून घेतो.

"भाजीला तेल किती घालता?"
किती म्हणजे? हाताला कळतं तितकं.
तिने पाण्याची बाटली दिली, कागदी पेला दिला.
"घालून दाखवा."
मी घातलं, आई घालायची तसं,
मनगट जरा सैल सोडून.
आयलाने ते सिरिंजमध्ये ओढून मोजलं,
एकदा, पुन्हा, पुन्हा.
साठ मिली. चार मोठे चमचे.
दोन माणसांना, एका वेळेला.

तेल पाहावं, तेलाची धार पाहावी म्हणतात.
मी तीस वर्षं नुसती ओतत आले,
पाहिली ती आज, आणि तीही पाण्याची.

घरी एकच चमचा मोजून घातला
तर मोहरी तडतडेना, बसली रुसून.
मग कढई कलती धरली,
तेल एका अंगाला गोळा झालं,
तिथेच मोहरी, तिथेच हिंग. जमलं की.
हेरंब म्हणाला, भाजी आजारी माणसाची वाटते.
म्हटलं, आहेच.
दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी लिंबू मागितलं.

तुपाची बरणी वरच्या फळीवर गेली.
एका रात्री स्वयंपाकघरात स्टूल सरकल्याचा आवाज आला.
मी कूस बदलली.

तीन महिन्यांनी पाच पूर्णांक नऊ.
आयलासाठी जवसाची चटणी नेली होती, घट्ट झाकणाच्या डबीत.
तिने उघडली, वास घेतला, आणि थांबलीच.
तिचे आजोबा इथल्या लिनोलियमच्या कारखान्यात होते.
लसणाच्या मागे लपलेला हा वास, म्हणाली,
त्यांच्या शर्टांतून कधी गेला नाही.
अख्ख्या गावाला यायचा,
स्टेशनवर उतरलं की कळायचं, घर आलं.

मला हे कोणी सांगितलंच नव्हतं.
बारा वर्षं मी जवस लेस्टरहून मागवते आहे.

डबी खणात ठेवून
ती हेरंबला सोडून माझ्याकडे वळली.
"आणि तुमचं रक्त शेवटचं कधी तपासलं?"

तेल मीच ओतलं होतं. जेवलो मात्र दोघं.
बांगड्या मागे सारून मी बाही वर केली.
हेरंबने घाईघाईने खिशातून चष्मा काढला,
जसा काही आकडा
सुईतूनच दिसणार होता.