हमाली धरून किती?

शेठना तीन रकाने हवे होते, एका पानावर,
चष्मा न बदलता वाचता येतील असे.
मी सतरा पानं घेऊन गेले.

मार्केट यार्ड, भुसार बाजार, गाळ्यावरचा पोटमाळा.
खाली मिरचीची पोती उतरत होती;
दर आकड्यानंतर दोघांपैकी कोणीतरी शिंकायचं.

"पहिल्या कंपनीचं मशीन महिन्याच्या बोलीवर.
दुसरी, वापराल तेवढंच.
रात्री बिल फाटत नसेल तर डेटाबेस झोपतो,
मीटरही झोपतं."
"उठायला किती वेळ?"
हा प्रश्न सुचायला मला तीन दिवस लागले होते.
"पंधरा-वीस सेकंद."
"पहाटे पाचला ब्याडगीचा ट्रक दारात असतो, तापकीर.
गाळ्यावर झोपणारा माणूस नको."
फुली.

तिसरी सगळ्यांत स्वस्त.
माल आत टाकायला एक पैसा नाही.
बाहेर काढताना मात्र, गिगाबाइटमागे...
शेठ त्या दिवशी पहिल्यांदा हसले.
"म्हणजे कोल्ड स्टोरेजवाला!
येताना पाहुणा, जाताना तोलाई, वाराई, हमाली.
हमाली धरून किती, ते सांगा."
मी हमाली धरली.
स्वस्ताई अकराव्या पानावर संपली.

मग राहिली पहिली.
नव्व्याण्णव पूर्णांक नव्व्याण्णव टक्के चालू,
म्हणजे वर्षाकाठी बावन्न मिनिटं बंद.
"कुठली बावन्न?"
करारात ते लिहिलेलं नसतं.
"धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आली तर?"
"पुढच्या बिलात दहा टक्के सूट."
शेठ काही बोलले नाहीत, खाली वाकून ओरडले,
"अरे, ते पोतं हुकाने नको, हाताने!"

"आणि माल ठेवणार कुठे?"
"ढग पुण्यातच आहे म्हणतात."
"पुण्यात कुठे?"
"पत्ता सांगत नाहीत."
"बरोबर आहे," शेठ म्हणाले.
"कंट्रोलच्या काळात आमचे वडीलही सांगत नसत
साखर कुठे आहे ते."

पान चौदा.
पस्तीस दिवसांत कुठल्याही सेकंदाला मागे जाता येतं.
हे वाक्य मी घरी दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं होतं.
इथे आवाज बसला. मिरची, म्हटलं.

नोटाबंदीच्या आदल्या महिन्यात, संध्याकाळी सात चाळीसला,
मी डिलीट लिहिलं आणि पुढची अट लिहायची विसरले.
चार वर्षांची उधारी एका एंटरमध्ये माफ.
बॅकअपच्या डिस्कवर गुरुवारच्या लाइट जाण्याशिवाय काही नव्हतं.

लुंकड मुनीमजी पिशवी घेऊन आले.
कॉम्प्युटर आल्यावर शेठनी बंद करायला लावलेली लाल वही
ते बिबवेवाडीत, जेवण झाल्यावर, रोज लिहीत होते.
तीन रात्री ते वाचत गेले, मी टाइप करत गेले.
गूळ, सदतीस ढेपा, कराड, बाकी अकरा हजार दोनशे.
मध्येच बोट थांबायचं:
"हे खोडलंय, खालचं घ्या."
तिसऱ्या रात्री टोपी घालताना म्हणाले,
"बाई, चुका मीही करतो.
माझी खोडलेली दिसते, एवढंच."
ते आता जळगावला असतात, मुलाकडे.
कोणाला काही बोलले नाहीत.

"छत्तिसाव्या दिवशी काय?" शेठनी विचारलं.
"छत्तिसाव्या दिवशी काही नाही."
"मग?"

मी पानाच्या तळाशी पेनाने एक ओळ वाढवली:
रोज रात्री एक प्रत, आपल्याकडे, त्यांच्या ढगाबाहेर.
"हिचे किती?"
"थोडी हमाली. बाकी मी बघेन."

शेठनी पहिलीवर सही केली, तारीख टाकली,
त्या ओळीखाली पुन्हा एकदा सही केली.
"त्या प्रतीला नाव काय देणार?"
मी तसा विचार केला नव्हता.

"लाल ठेवा," ते म्हणाले,
आणि माझ्याकडे न बघता
खाली पोती मोजायला निघून गेले.