टेबल सात

लिएपायाच्या मासळी कारखान्यात
मला धाडलं ते एक घड्याळ हातात देऊन.
कोण किती सेकंदांत डबा भरतं, टिपायचं. बस.

स्काइद्रीते, टेबल सात.
धुरावलेले स्प्रॅट, डोक्याशी शेपटी, शेपटीशी डोकं.
एकवीस सेकंद.
बाकीच्या बायकांना एकतीस.

तीन दिवस तिच्या पाठीशी उभा राहिलो.
जादू काही नव्हती.
ट्रे वीतभर डावीकडे ओढलेला,
स्टुलाच्या पायांखाली विटा,
आणि सुरी पुसायला ती थांबायची नाही,
पुसायची, हात तसाही मागे येताना.

साहेब खूश. सगळ्यांचे ट्रे सरकले,
विटा आल्या गाडीभर.
कोटाही वाढला. तिचासुद्धा.

शुक्रवारी तिनं मला सायकलींपाशी गाठलं.
अंगाला धुराचा वास, आवाज अगदी खाली:
"एकोणीस वर्षं थेंबाथेंबानं साठवत होते रे.
तीनला माझे डबे पुरे व्हायचे.
मग फाटकावरच्या आउस्ट्राला
तिच्या लेकाची पत्रं वाचून दाखवायचे,
आयर्लंडहून येतात. तिला आता दिसत नाही.
ते कुठे लिहिलंस?"

तक्त्यात शेवटी एक रकाना होता, 'इतर'.
सगळ्यांपुढे मी शून्य घातलं होतं,
सुबक अक्षरात.

सोमवारी, टेबल सात:
सुरी थांबून पुसली. दोन्ही बाजूंनी.
मग खिडकीकडे धरून पाहिली.
एकतीस.
पुन्हा एकतीस.

साहेब म्हणाले, घड्याळ बिघडलं की काय?

म्हटलं, हो.