रात्रीचं रक्त

आमची नोकरी अंधार पडल्यावर सुरू होते.
साडेआठला जीप निघते,
मागच्या सीटवर काचपट्ट्यांचा डबा, सुया, स्पिरिट
आणि पेंगणारा चाचेरे,
ज्याला तालुक्यातली सगळी कुत्री ओळखतात.

दिवसा या ना बाप्पा, लोक म्हणतात,
रातच्याले कोन रगत देते?
मी सांगतो, दिवसा तो जंतू आत दडतो,
फुप्फुसांच्या आसपास, खोल.
गाव निजलं, डास उठले
की वर येतो, थेट बोटाच्या टोकापर्यंत.
त्याला डासाची वेळ पाठ आहे.
म्हणून मलाही.

आज गाव निजलेलं नाही. मंडई आहे.
शामियान्यात रातभर नाटक,
तिकीट खिडकीला लागून माझं टेबल,
एक बल्ब, त्यावर धानाचे तुडतुडे.
मॅनेजरनं भोंग्यावर गंमत केली,
"आधी बोट, मंग तिकीट!"
आणि खरंच रांग लागली.

डावा हात. करंगळीशेजारचं बोट.
टोच, पिळ, काचेवर थेंब, गोल पसरव.
नाव, वय, घर नंबर.
पडद्यामागे पेटी सूर धरते.
एक पोरगं विचारतं, रडलो तर तिकीट फुकट का?

सायत्राबाई गभणे शेवटी येते,
तिला चालायला वेळ लागतो.
डावा पाय उखळाएवढा,
चपला दोन मापांच्या.
"पवनीवाल्यानं नाप घेऊन शिवल्या.
दोन जोडाचे पैसे नाई घेतले, मानूस बरा."
आधी हुडहुडी भरायची, जांघेत गाठ यायची,
पाय लाल, तापलेल्या तव्यासारखा,
तरी ती बांधीत रोवणीला उभी.
कोणी म्हणालं करणी, कोणी म्हणालं साप ओलांडला.
डास कोणीच म्हणालं नाही.
"तीस वर्सं झाले. आता कायले घेता?"
मी घेतो. रजिस्टरमध्ये रकाना आहे.

दुसऱ्या दिवशी काचा पाण्यात बुडवल्या,
लाली उतरली, रंग चढवला, सुकवल्या,
भिंगाखाली एकेक सरकवली.
सायत्राबाईची काच स्वच्छ.
पाय ठेवून जंतू केव्हाच निघून गेलेले.
आणि उदेभान लांजेवार, वय सव्वीस,
काल तलवार फिरवून शिट्ट्या घेणारा नाटकातला राजा,
त्याच्या थेंबात सात.
उसवलेल्या शिलाईचे जांभळे धागे जसे.

"मले तर काईच होत नाई, साहेब."
होत नसतंच रे, कित्येक वर्षं.
डास मात्र तुझ्याकडून घेतो आणि शेजारी नेऊन देतो.
बारा दिवस गोळ्या, जेवल्यावर, वजनाप्रमाणे.
ताप येईल, डोकं धरेल. घाबरू नको,
आतले मरतात तेव्हा असं होतं. पण कळव.
तो गोळ्या मोजतो, मग हळूच,
"कोनाले सांगू नोका. सोयरीक चालू हाय."
मी रजिस्टर मिटतो.

सायत्राबाईला द्यायला माझ्याकडे
पाय बारीक करणारी गोळी नाही.
एक टब, एक मग, साबण, मऊ फडकं.
रोज धुवायचा, बोटांच्या बेचक्यांत
पाण्याचा टिपूस ठेवायचा नाही.
खरचटलं की मलम.
खाटेच्या पायथ्याखाली विटा, पाय उंच राहील.
ताप परत आला तर घरी कुढत बसायचं नाही.
"इतकंच?"
इतकंच. पण रोज.
ती हसते, पदर तोंडाला लावून.
"सासूचे बी पाय इतके नाई धुतले मी!"

फाल्गुनात त्या वाटेनं गेलो तर
दारात बसून पाय पुसत होती,
एकेक बोट वेगळं करून,
नव्या लेकराचं पुसावं तसं.
पाय तेवढाच. ताप मात्र
तेव्हापासून एकदाच आला म्हणाली.
संडासाच्या पाइपाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला,
मी सांगून थकलो होतो तो.

परतताना जीपमध्ये मानेवर एक डास.
मारला. तळहातावर रक्त,
कोणाचं कोण जाणे.
चाचेरे डोळे न उघडता म्हणाला,
"साहेब, तुमचं कवा काढाचं?"