आठवा पडदा

रुवीत, दिगूच्या एसी-दुरुस्तीच्या दुकानात
शटर अर्धं ओढून आम्ही सख्र जोडला.
घर आवरून परतणाऱ्या इजिप्शियन मास्तराकडून
तेव्हा पाच रियालला घेतलेला.
कळांवर अरबी अक्षरं, त्यातला अलिफ पार झिजलेला.
आमच्यात अलिफ म्हणजे उडी.

चार मिनिटं टेप फिरली.
मग तो निळा माणूस, सोळा ठिपके उंच,
तसाच, एक पाय जरा पुढे.

आठव्या पडद्यावरची दरी.
एकोणनव्वदचे सगळे शुक्रवार आम्ही तिच्यात पडलो.
खोलीत माणसं सहा, खेळात जीव तीन.

दिगू आता काचेला पट्टी लावतो, चष्मा कपाळावर:
"उडी चोवीस ठिपके. दरी पंचवीस.
लेका, आपण कच्चे नव्हतोच!
करणाऱ्यानं खेळूनच पाहिला नाही हा पडदा."
मी म्हणतो, मेमरी संपली असेल त्याची,
पलीकडे दाखवायला काही उरलं नसेल,
म्हणून ठेवला एक ठिपका.
"ही फसवणूक झाली."
"हे डिझाईन झालं."
चहावर साय धरली.

वायर उपसली, टेप फिरतच राहिली.
विसरलोच होतो :
खेळ उतरवला तो गुहागरहून आलेल्या कॅसेटवर,
दिगूच्या आईच्या बोलण्यावर.
शेवटचं पुसायचं राहिलेलं :

"...फणस उतरवला. तुझ्या वाटचे गरे
तळून डब्यात ठेवलेत, तू कधी"

आणि खटका.

दिगूनं पट्टी गल्ल्यात ठेवली.
चष्मा खाली ओढला,
अलिफ दाबला.

उरले दोन.